भुयार थेट रामटेकला निघते

"आता हे जे भुयार तुम्ही पाहून राहिले ना," जिजाजींनी हातातली छडी दोन शिळांमधल्या फटीकडे रोखली, "हे थेट रामटेकला निघते."

आम्ही चौदा जण वाकलो. फटीत एक फाटकी पन्नी, नारळाची शेंडी आणि त्यापलीकडे अंधार, एवढाच ऐवज दिसला.

"कोणी गेलं होतं का?" मावशीने विचारले. नवा दवाखाना असो, नवे दुकान असो की भुयार, मावशीचा पहिला प्रश्न हाच असतो.

"बकरी गेली होती. इथून आत गेली अना तिसऱ्या दिवशी रामटेकला निघाली."

"तीच बकरी, हे कसं ओळखलं?"

"गळ्यात घंटी होती ना!"

यावर मावशीचे समाधान झाले. माझे झाले नाही, पण जिजाजींपुढे बोलायची माझी टाप नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. निरोपाच्या दिवशी शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. शिट्टी मात्र त्यांनी स्वतःहून घरी आणली. तिच्यातला दाणा इतका झिजला आहे की ती आता वाजत नाही, दम लागल्यासारखी फुसफुसते. पण ती ओठाला लागली की आमचे अख्खे खानदान, साठीच्या मावशीसकट, उंचीप्रमाणे रांगेत उभे राहते.

त्या एका दिवसात मी भुयारे मोजली. सकाळचे नागपूरला भोसल्यांच्या वाड्यात निघत होते, दुपारचे देवगडला आणि संध्याकाळचे थेट काशीला. मधले हे रामटेकचे. एवढी भुयारे खरी असती तर आमच्या बांध्यांमध्ये पाणी टिकले असते का? भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. रोवणीला बांधीत घोटाभर पाणी लागते. जमीन अशी पोकळ असती तर ते सगळे पाणी केव्हाच काशीला पोचले असते आणि आम्ही ज्वारी खात बसलो असतो.

सहलीचे आमंत्रण मोबाइलवर आले होते. 'एकदिवसीय डोंगरदेव व पवित्र गुंफा दर्शन. मार्गदर्शक : मी स्वतः. वर्गणी माणशी ७०० रुपये, बारा वर्षांखालील ३५०, मावशीला माफ. निघणे सकाळी ५.३०. उशीर करणाऱ्यासाठी गाडी थांबणार नाही.' खाली सात नावे : कोरंभी, मोहाडी, गायमुख, अंबागड, चांदपूर, माडगी, कचारगड.

नकाशा पाहिलेला माणूस ही यादी पाहून घाबरेल. कोरंभी भंडारा शहराजवळ, वैनगंगेच्या काठावर. गायमुख आणि अंबागड तुमसरच्या अंगाला, सातपुड्याच्या टोकाशी. चांदपूर त्याच्याही पुढे. आणि कचारगड तर सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या उंबरठ्यावर. शिवाय कचारगड भंडारा जिल्ह्यात उरलेलाच नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. जिजाजींनी ही वाटणी अजून मनावर घेतलेली नाही. "कागद फाटला बावा, पहाड कुठं फाटला?" असे ते म्हणतात. अंतराचे विचाराल तर शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात कचारगड आणि कोरंभी यांच्यात वीतभरच जागा होती.

५.३० ची गाडी सात वाजून दहा मिनिटांनी आली. ड्रायव्हर वरठीहून यायचा होता आणि वाटेत त्याला खर्रा घोटून घ्यायचा होता. ज्यांना खर्रा ठाऊक नाही त्यांच्यासाठी : सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून चोळतात, बराच वेळ चोळतात, त्या चोळण्यात विदर्भाचा अर्धा कारभार चालतो. ड्रायव्हरच्या गालात तो जो सकाळी गेला तो रात्रीपर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे तो दिवसभरात एकूण चारच वाक्ये बोलला. त्यातले एक माझ्या आयुष्यातले महत्त्वाचे वाक्य ठरले, पण ते पुढे.

अकरा सीटांची क्रूझर. माणसे चौदा, शिवाय एक गंज, दोन पायल्या तांदूळ, वांग्याची थैली, आणि जिजाजींची छडी, जिला वेगळी जागा लागते.

कोरंभीला पोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. टेकडी लहान, देवी वर, खाली वैनगंगा. आम्हा धानवाल्यांचे एक बरे असते : सगळा मुलूख ताटासारखा सपाट, त्यामुळे बांधीतून मान वर करून जे दिसेल तो पहाड. सह्याद्रीच्या माणसाला आमच्या टेकड्या दाखवल्या की तो विचारतो, "डोंगर कुठाय?" आणि तो डोंगरावरच उभा असतो. समुद्रसपाटीपासून उंची मोजायला आम्हाला समुद्र कुठे आहे? आम्ही बांधीपासून मोजतो. आणि सपाट मुलखातल्या माणसाला देव बसवायला उंचवटा मिळाला की तो सोडत नाही. आमच्याकडे रिकामी टेकडी म्हणजे बिनलग्नाच्या पोरासारखी, गावाला तिची काळजी लागलेली असते.

कोरंभीच्या कठड्याला टेकून जिजाजींनी नदीकडे छडी केली. नदी तिथे तळ्यासारखी पसरलेली दिसते, खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे त्याचे पाणी इथवर तुंबते. "२२ एप्रिल १९८८. राजीव गांधींनी पाया घातला. मूळ अंदाज ३७२ कोटी," जिजाजी म्हणाले. ही माहिती त्यांनी बरोबर सांगितली. पुढे तो आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला आणि त्या काळात जन्मलेली पोरे आता स्वतःच्या पोरांना कालवा दाखवायला नेतात. मला एकदम जिजाजींच्या भुयारांबद्दल आदर वाटू लागला. बकरी आत गेली, तिसऱ्या दिवशी बाहेर निघाली. काम वेळेत पूर्ण.

मोहाडीला चौंडेश्वरीचे दर्शन झटपट झाले, कारण लहान पोरे भुकेने रडत होती आणि मोठी माणसे त्याच कारणाने चिडलेली होती. तुमसरला आलूबोंडा आणि तर्री खाऊन सगळ्यांची देवावरची श्रद्धा परत बसली.

तुमसर सोडले की उत्तरेला निळसर रेघ दिसू लागते. तो सातपुडा. इथे जिजाजींनी गाडी थांबवून भूगोलाचा तास घेतला आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. महाराष्ट्रात बहुतेक लेणी कोरली गेली ती काळ्या बसाल्टमध्ये, ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यात. अजिंठ्याची तीस लेणी त्यातच आहेत. तो कातळ पूर्वेकडे येता येता भंडाऱ्याआधीच संपतो. आमच्या पायाखालचा खडक त्याहून कितीतरी जुना, तापून, दबून, घड्या पडून कडक झालेला, पोटात मँगनीज घेऊन बसलेला. तो छिन्नीला दाद देत नाही. म्हणून आमच्याकडे अजिंठा झाले नाही. आमच्या गुहा म्हणजे दोन शिळा एकमेकींवर रेलल्या, मध्ये जागा राहिली, त्या जागेत कुणीतरी शेंदूर लावला. अजिंठ्यात आधी गुहा, मग देव. आमच्याकडे देव आधी येऊन बसतो, मग त्याच्या डोक्यावर जे काही असेल त्याला गुहा म्हणतात.

"मंग पांडवांनी कोरलं ते कोणतं?" मावशीने विचारले.

"पांडव इथं आले होते, पण त्यांच्यापाशी वेळ नव्हता," जिजाजी म्हणाले.

गायमुखला मात्र मन निवते. झाडी, दगड, आणि गाईच्या तोंडातून पडणारी पाण्याची धार. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा माणसांच्या गर्दीत धार दिसतही नाही. आम्ही गेलो त्या दिवशी धारेखाली एक बाई बाटल्या भरत होती. एक भरली की टोपण लावून बाजूला, दुसरी पुढे. सात बाटल्या झाल्या, आठवी अर्ध्या लिटरची. मागे रांग वाढत होती, पण कोणी काही म्हणाले नाही. आठवी भरल्यावर तिने ओंजळ धरली, स्वतः पाणी प्यायली, ओले हात डोळ्यांना लावले आणि मग मागे वळून म्हणाली, "या बाप्पा, भरून घ्या." जणू धार तिच्या घरची.

मावशी धारेपाशी बराच वेळ उभी राहिली. तिची सासू पूर्वी पचमढीला महादेवाला जायची, चौरागडाला. विदर्भातून हजारो लोक जातात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन डोंगर चढतात, नवस असेल तसा लहानमोठा त्रिशूळ. सासूने गुडघे गेल्यावर गायमुख धरले. "माय म्हणे, महादेव तोच आहे, तिकडं पायऱ्या जास्त आहेत." या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे मला जास्त पटले.

इथून पुढे जी घटना घडली तिच्या जागेचे नाव मी सांगत नाही. देवस्थानाचा काही दोष नाही, दोष माझ्या पोटाचा आहे. गायमुखहून निघाल्यावर रस्त्यापासून आत एका टेकडीवर जिजाजींनी आम्हाला नेले. लेखाच्या सुरुवातीला ज्या फटीत तुम्ही डोकावलात ती तीच. बकरीची कथा झाल्यावर जिजाजींनी आवाज खाली आणला.

"या फटीतून पुण्यवान माणूस आरपार जाते. पापी अडकते."

अशी फट प्रत्येक तालुक्यात असतेच, पण तिच्यापुढे उभे राहिल्यावर माणूस तालुक्यांचा विचार करत नाही. पोरे सुळकन गेली. ताई गेली, पदर खोचून. मावशी म्हणाली, "माझं पापपुण्य माझ्यापाशी राहू द्या," आणि दगडावर बसली. जिजाजी मार्गदर्शक असल्याने त्यांना सूट होती. ड्रायव्हर खर्रा चघळत, हात खिशात ठेवून, बाजारातून जावे तसा गेला आणि पलीकडून बिडी मागायला परत आला.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे वजन ब्याण्णव किलो. डॉक्टरांनी सांगून झाले होते, आता देवाची पाळी होती.

अर्धे अंग छान गेले. नंतर पोट आले. पुढच्या शिळेला छाती, मागच्या शिळेला पाठ. मी पुढे रेटले, शर्टाचे एक बटण तुटून आत रामटेकच्या दिशेने घरंगळत गेले. मागे रेटले, काही हलले नाही. दगड गार होता. वटवाघळांचा उग्र वास येत होता आणि एक मुंगळा माझ्या मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्याखाली जायची वाट शोधत होता. त्याला सापडली.

बाहेर चर्चा सुरू झाली. ताईने लहानपणीच्या चांदीच्या तोरडीचा विषय काढला, जी १९८१ साली हरवली होती. जिजाजींच्या भावाने विचारले की मी कुणाच्या कर्जाला जामीन वगैरे राहिलो होतो का. मी आतून कबूल केले की घरटॅक्स दोन वर्षांचा थकला आहे. त्याने काही फरक पडला नाही. "मोठं सांगा!" मावशी ओरडली.

जिजाजींनी फटीत बॅटरी मारली. ती त्यांची जुनी तीन सेलची स्टीलची बॅटरी, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाला चंद्र म्हणून वापरलेली. तिचा पिवळा उजेड माझ्या नाकावर पडला आणि अशा प्रसंगी माणसाला जे सुचू नये ते मला सुचले. त्या सेलमधली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आणि सेलला लागणारे तसले मँगनीज निघते याच तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत. म्हणजे मी ज्या डोंगरात अडकलो होतो त्याच्याच भाऊबंदांच्या पोटातली माती माझ्या नाकावर उजेड पाडत होती. जवळच चिखल्याची खाण आहे, तीही मँगनीजचीच, पण जमिनीखालची. तिथे माणसे पाळीपाळीने खरोखरच्या भुयारात उतरतात. चपला काढत नाहीत, उलट बूट चढवतात, डोक्याला दिवा लावतात आणि पाळी संपली की उतरले तिथूनच वर येतात. जिल्ह्यातले हे एकमेव भुयार मी खात्रीने सांगू शकतो, आणि जिजाजींनी त्याचा दिवसभरात एकदाही उल्लेख केला नाही. ते कुठेच निघत नाही ना!

तोपर्यंत ड्रायव्हर फटीशी आला. खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला आणि म्हणाला, "साहेब, खाली बसा. फट खाली रुंद हाय."

मी श्वास सोडला, गुडघे वाकवले आणि बसलो. कुठेही न खरचटता मांजरासारखा बाहेर आलो. एकूण वेळ वीस मिनिटे, ताईच्या मोबाइलवर चित्रण आहे.

"पाहा!" जिजाजींनी शिट्टी फुसफुसवली. "माणूस उभा असते तोवर अडकते. नम्र झाला का देव सोडते." ड्रायव्हरकडे कुणी पाहिलेही नाही.

अंबागडच्या पायथ्याशी चूल मांडली. वांग्याची भाजी, वरण, भात. वांगे चिरायचे नाही, चार फाका पाडून देठाला धरून ठेवायचे, हा मावशीचा दंडक. भात गंजभर. भंडाऱ्याचा माणूस भात किती खातो हे लिहू नये, बाहेरच्या लोकांची नजर लागते. जेवण झाले तेव्हा अडीच वाजले होते आणि गड डोक्यावर होता.

अंबागड हा खरा किल्ला आहे. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राज्यात, त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला. हा तोच बख्त बुलंद ज्याने नागपूर वसवले. पुढे गड भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. गडावरच्या विहिरीचे पाणी विषारी, ते पाजून कैदी मारत, असे तिकडे सांगतात. एवढा इतिहास समोर उभा होता, पण तेराही जणांनी चटया पसरल्या. जिजाजींनी एकदा शिट्टी फुंकली, कोणी उठले नाही. तेव्हा त्यांनी खालूनच छडीने दरवाजा, तट आणि बुरूज दाखवायला सुरुवात केली. छडी हळूहळू खाली येत गेली, आणि देवगडला जाणारे भुयार दाखवता दाखवता मार्गदर्शकही झोपले. अंबागड मी असा पाठीवर पडून पाहिला. तसा तो फार भव्य दिसतो.

चांदपूरला पोचेस्तोवर उन्हे कलली. टेकडीवर हनुमान, खाली मोठा तलाव, आणि पाण्यावर ऊन पसरलेले. वर जायला पायऱ्या. पायऱ्या किती, यावर आमच्या घरात आजही मतभेद आहेत. मावशी प्रत्येक पायरीला 'राम' म्हणत होती, त्यात दम लागला की एका पायरीवर तीन राम होत. पोरे दोन-दोन पायऱ्या उडत गेली, त्यांचा आकडा निम्मा आला. जिजाजींनी चढतानाचा आणि उतरतानाचा आकडा वेगळा सांगितला आणि कारणही दिले : उतरताना माणूस हलका झालेला असतो. मी मोजल्या नाहीत. मी मोजत होतो ते श्वास.

वर मारुतीसमोर निवांत बसलो होतो. जिजाजी शेजारच्या एका अनोळखी कुटुंबाला काहीतरी सांगत होते. मी कान दिला.

"...तीन घंटे अडकला होता तो माणूस. भला मोठा. ना पुढं, ना मागं. मंग बजरंगबलीचं नाव घेतलं, अना शिळा हालली!"

कुटुंबातल्या म्हाताऱ्याने हात जोडले. मी शर्टाच्या तुटलेल्या बटणावर हात ठेवून दुसरीकडे पाहू लागलो. दुपारी वीस मिनिटे होती, सूर्य मावळायच्या आत तीन तास झाले आणि शिळाही हलली.

माडगीला नदीच्या मधोमध खडकावर नृसिंहाचे देऊळ आहे, कार्तिकात तिथे यात्रा भरते. ते जिजाजींनी परतीच्या गाडीत तोंडी दाखवले. राहिला कचारगड. त्याचे नाव निघाल्यावर गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही, कारण तिथे आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो होतो, जिजाजींसहच.

ते माघ पौर्णिमेचे दिवस होते. दरेकसा, धनेगाव, मग रानातून चढ. गोंड समाजाचे ते आद्य स्थान. मध्य प्रदेशातून, छत्तीसगडातून, तेलंगणातून माणसे आलेली, सप्तरंगी झेंडे, ढोल, आणि समोरून येणारा प्रत्येक जण "जय सेवा" म्हणून हात जोडणारा. आमच्या जिल्ह्यातल्या फटी पाहून मोठा झालेला मी त्या गुहेच्या तोंडाशी उभा राहिलो आणि आधी टोपी काढली. तिला गुहा म्हणायला वाकावे लागत नाही. आत शेकडो माणसे होती आणि तरी जागा उरली होती, वरच्या भगदाडातून उजेड खाली उतरत होता.

एका म्हाताऱ्या बाबाने आम्हाला गोष्ट सांगितली. काली कंकालीची लेकरे या गुहेत कोंडली गेली होती, तोंडाशी भली मोठी शिळा. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांना सोडवायला आले. हिरासुका पाटालीर नावाचा वादक होता, त्याने किंगरी वाजवली, लेकरांच्या अंगात बळ आले. आतून त्यांनी आणि बाहेरून त्याने जोर लावला, शिळा सरकली, लेकरे सुटली आणि हिरासुका तिच्याखाली सापडून गेला. बाबाने हे सगळे हळू आवाजात, घरातल्या माणसाचे सांगावे तसे सांगितले. शेवटी म्हणाला, "तो आमचाच होता."

मी जिजाजींकडे पाहिले. छडी काखेत होती. शिट्टी खिशात. गुहा कुठे निघते हे त्यांनी सांगितले नाही आणि मावशीनेही विचारले नाही. उतरताना ते एवढेच म्हणाले, "पाणी प्या रे पोट्टेहो, ऊन आहे."

सहलीची गाडी रात्री पावणेअकराला भंडाऱ्यात शिरली. हिशेब झाला. चौदातून मावशी वजा, दोन पोरे अर्धी, डिझेल, गंजाचे भाडे, नारळ अकरा. ड्रायव्हरला पन्नास रुपये वरून दिले, ते मी दिले, वेगळे बोलावून. सात स्थळांपैकी चार पाहिली, एक झोपून पाहिले, एक ऐकले, एक आठवले.

पुढची सहल पवनीची ठरली आहे. तिकडे जगन्नाथ टेकडी आहे, वर देऊळ. १९६९-७० मध्ये ती खणली तेव्हा खाली डोंगर नव्हताच, विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. सपाट मुलखातल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वीही उंचवटा मिळेना म्हणून तो स्वतःच रचून घेतला होता. जिजाजी सध्या त्याचे वाचन करत आहेत आणि त्यांच्या वहीच्या समासात 'भुयार?' असे लाल शाईने लिहिलेले मी पाहिले आहे.

गेल्या महिन्यात साकोलीला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. शेजारचा गृहस्थ ओळखीचा नव्हता. बुंदी वाढून झाल्यावर त्याने विषय काढला, "तुमसरकडं एक भुयार आहे म्हणते. एक जाडा माणूस आत गेला, अडकला. लोकांनी लय वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी रामटेकला निघाला."

"तोच माणूस, हे कसं ओळखलं?" मी विचारले.

"शर्टाचं एक बटण नव्हतं ना!"

मी गेल्या चार वर्षांत रामटेकला गेलेलो नाही, हे इथे लिहून ठेवतो.